सगळ्यात मागचं झाड

मी बोलतोय. इकडे नाही, मागे बघा. पुढच्या जाडजूड खोडाच्या आणि त्याच्या शेजारच्या दोघांच्या मधून जी फट दिसते ना, तिच्यातून नजर आत जाऊ द्या. तिथे शेवटी एक काडीपैलवान उभा आहे, मानेत जरासा वाकलेला. तो मी.

जातीने मी फायकस. बारीक पानांचा, फांदी मोडली की पांढरा चीक गाळणारा. मोकळ्या जमिनीत लावला असता, तर एव्हाना माझ्या सावलीत दोन-चार गाड्या लागल्या असत्या आणि कोणाच्या गाडीवर पक्ष्यांनी घाण केली यावरून भांडणंही झाली असती. पण मी राहतो एका उथळ ट्रेमध्ये, माझ्या सहा भावंडांबरोबर. आमच्यातला सगळ्यात उंच आहे तोसुद्धा तुमच्या बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत भरेल, बस. येणारे-जाणारे आम्हाला बोन्साय म्हणतात. मावशी मात्र आम्हाला ‘रान’ म्हणते, आणि ते ऐकलं की मला फार बरं वाटतं.

माझा जन्म एका नर्सरीत झाला. कोणाची तरी छाटलेली फांदी, तिचे तुकडे, तुकडे वाळूत खोचलेले, त्यातला एक मी. नर्सरीवाल्याने माझ्या बरोबरीच्यांना उन्हात ठेवलं आणि मला जागा मिळाली पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथे ऊन यायचं ते टाकीला वळसा घालून, तेही घटकाभर. मग मी मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मान तशीच राहिली. गिऱ्हाइकं यायची, माझ्याकडे बघायची आणि शेजारचं रोप उचलायची. पुढे पुढे तर नर्सरीवाला माझ्यावर हात पुसायला लागला.

एके रविवारी तिथे एक जोडपं आलं. नवरा शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणायचं आणि बायकोही सरच म्हणायची, फक्त तिच्या तोंडी त्यात थोडी चेष्टा असायची. बायको शिवणकाम करणारी. शाळेचे गणवेश शिवून शिवून तिने दोन पिढ्यांच्या कमरा मोजल्या होत्या, म्हणून ती सगळ्यांची ‘मावशी’.

नर्सरीवाला दर रविवारी बोन्सायचा वर्ग घ्यायचा, त्या वर्गाला मावशी येत होती. आज ती झाडं न्यायला आली होती.

“एकच मोठं झाड घे की,” सर म्हणाले. “सांभाळायला सोपं.”

“एक झाड मला नकोय. मला रान हवंय,” मावशी म्हणाली. “उभा जन्म भिंतीकडे तोंड करून मशीन चालवलं. नजर गेली ती सुईच्या टोकापर्यंत, त्याच्या पुढे भिंत. आता मला घरात बसून लांबचं बघायचंय.”

सरांनी मग निवड हातात घेतली. हात पाठीमागे बांधून ते रोपांसमोरून चालत गेले, आणि ताठ असतील तेवढीच बाहेर काढली. सहा झाली तेव्हा त्यांना समाधान वाटलं.

“सहा नको, सर,” नर्सरीवाला म्हणाला. “रानाला विषम आकडा लागतो. सहा झाडं लावली की आपोआप दोन रांगा होतात.”

“मग? रांगेत वाईट काय आहे?” सरांना खरंच कळलं नाही.

मावशी तोवर टाकीच्या मागे आली होती. तिने माझ्या मानेवरून बोट फिरवलं, जसं कापडाचा पोत बघतात तसं. “हा सातवा,” ती म्हणाली.

“हा वाकडा?”

“हाच.”

“नेताय तर नेऊनच टाका,” नर्सरीवाला म्हणाला. “मी त्याला फेकणारच होतो.” अशी माझी पाठवणी झाली.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेलं शिलाई मशीन, आणि खोलीच्या टोकाला कठडा असलेली बाल्कनी. घरात सगळं जागच्या जागी. चपलांची टोकं दाराकडे, कप दांडी उजवीकडे करून, वर्तमानपत्रं कडेला कड लावून. ही सगळी सरांची करामत. मावशीच्या मशीनभोवती मात्र चिंध्या, रिळं आणि खडूचे तुकडे पसरलेले. त्या दोघांच्या मध्ये जणू सरहद्द आखलेली होती, आणि आम्ही सात जण मावशीच्या बाजूला जाऊन पडलो.

तिने आम्हाला लगेच ट्रेमध्ये लावलं नाही. शिवणारी बाई ती. आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई. एका खोक्यात वाळू भरून तिने आम्हाला त्यात नुसतं उभं केलं आणि रोज जागा बदलत राहिली. सगळ्यात जाड, त्याला ती जाड्या म्हणायची, पुढे पण मधोमध नाही, जरा एका अंगाला. त्याच्या जवळ दोन मध्यम. मग लहान, मग त्याहून लहान. कुठल्याही बाजूने बघितलं तरी तीन खोडं एका रेषेत यायची नाहीत, आणि प्रत्येकाच्या मधलं अंतर वेगळं. एका बाजूला थोडी रिकामी जागा, तिथून रानात शिरायचं.

सर चहा घेऊन यायचे आणि अस्वस्थ व्हायचे.

“अगं, हा त्याच्या मागे लपतोय.”

“लपू दे की.”

“आणि या दोघांच्यात एवढी जागा, त्या दोघांच्यात एवढीशी. निदान एकेक हात अंतर तरी...”

“अहो सर, फोटो काढायचाय का त्यांचा? रानात कोण कोणाला विचारून उभं राहतं?”

शेवटी एका सकाळी पक्की शिलाई झाली. ट्रेच्या भोकांवर जाळी, जाळीतून वर काढलेल्या तारा, त्यावर विटांचा चुरा मिसळलेली भरड माती. आमची मुळं खालून सपाट कापली. दुखलं, खोटं कशाला बोलू. मग तारेने आम्हाला ट्रेशी बांधलं, आणि मावशीने विणकामाची सुई घेऊन मुळांच्या मध्ये माती हळूहळू कोंबली. वर शेवाळ. मला जागा मिळाली डावीकडे, मागच्या कडेला. मान मी सवयीने बाहेरच्या उजेडाकडे केली, आणि मावशी म्हणाली, “बघा, हा कसा निघालाय कुठेतरी.”

ते पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मातीखाली आमची मुळं एकमेकांना लागली, आणि पहिले काही दिवस धक्काबुक्की करून मग गुपचूप एकमेकांत शिरली. वर मावशीची छाटणी चालू. आतल्या बाजूच्या फांद्या ती काढायची, बाहेरच्या ठेवायची, कारण दाट रानात आतल्या झाडाला हातपाय पसरायला जागाच नसते. सकाळी ती स्टूल घेऊन आमच्यासमोर बसायची आणि नुसती बघायची. जाड्यापासून सुरुवात करून एकेकाला ओलांडत तिची नजर माझ्यापर्यंत पोचायची, आणि तिथे थोडा वेळ टेकायची. “अजून पाच-सात वर्षं,” ती सरांना म्हणायची, “मग बघा कसं खरं वाटायला लागेल ते.”

त्यानंतर घरात एक विचित्र भांडण सुरू झालं. भांडणाचं कारण स्टूल.

मावशी चालता चालता स्टुलाला धडकायची आणि ओरडायची, “तुम्ही हे मध्ये का आणून ठेवलंत?” सर म्हणजे जगबुडी आली तरी स्टूल जागचं न हलवणारा माणूस. त्यांना तो आरोप फार लागला. एकदा स्टूल, एकदा दाराची चौकट, एकदा कपाटाचं उघडं दार. प्रत्येक वेळी दोष सरांना. ते बिचारे वस्तू आणखी काटेकोर ठेवायला लागले, आणि मावशी आणखी धडकायला लागली.

डोळ्यांची शंका कोणालाच आली नाही, कारण मावशी अजूनही पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवत होती.

मला मात्र एक गोष्ट जाणवली होती. सकाळी बसल्यावर तिची नजर आता आपसूक माझ्यापर्यंत येत नव्हती. ती जाड्याकडे बघायची, मधल्यांकडे बघायची, आणि मग मान डावीकडे वळवून मला शोधायची. पोरगं खेळायला जाऊन लांब गेलं की आई शोधते ना, तशी. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल.

त्यांची लेक एका आठवड्याच्या शेवटी आली. आल्या आल्या तिने भांडण ऐकलं, स्टूल बघितलं, आणि म्हणाली, “आई, बाबांनी कधी कुठली वस्तू हलवली आहे का आजवर? मग ते स्टूल तुला दिसत का नाही?” दुसऱ्या दिवशी ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

काय झालं ते मला मावशी परत आली तेव्हा कळलं. ती आम्हाला पाणी घालत सरांना सांगत होती. काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. तो कडेपासून खात येतो, त्यामुळे समोरचं लख्ख दिसतं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब आणि एक ऑपरेशन यांनी उरलेली टिकवायची, जमेल तेवढी.

“मी त्या डॉक्टरला विचारलं,” मावशी म्हणाली, “माझं रान तयार व्हायला अजून पाच-सात वर्षं आहेत, तेवढं पुरेल का? ती बघतच राहिली. तिला वाटलं, मी जमिनीबद्दल बोलतेय.” आणि मावशी हसली. सर हसले नाहीत. पाण्याची झारी तिच्या हातातून घेऊन ते उरलेल्या आम्हाला पाणी घालत बसले, आणि कधी नव्हे ते पाणी ट्रेबाहेर सांडलं.

ऑपरेशन झालं. लेकीने आईला काही आठवडे आपल्याकडेच ठेवून घेतलं, कारण दवाखाना तिच्या घराजवळ होता. इकडे सर आणि आम्ही सात.

आता पुढचं ऐकून सरांना हसू नका. करायला गेले एक आणि झालं भलतंच, पण ते जे करायला गेले ते प्रेमापोटी. रोज सकाळी ते मावशीच्या स्टुलावर बसून आमच्याकडे बघायचे आणि स्वतःशी बोलायचे. “हा मागचा तिला दिसत नाही. हा लपलाय. तिची नजर आधीच कमी, त्यात ही एकमेकांच्या आड. तिने शोधायचं तरी कसं?” जन्मभर त्यांनी वर्गाच्या फोटोसाठी मुलं उभी केली होती. उंचीप्रमाणे एका ओळीत उभं केलं की कोणी कोणाच्या आड जात नाही. प्रत्येक आईला आपलं मूल दिसतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी त्यांनी बाह्या सरसावल्या. तारा तोडल्या. आमची मुळं एकमेकांतून सुटेनात तेव्हा भाजीची सुरी आणली. आमच्यावर काय गुदरलं ते सांगत नाही, बाल्कनीभर पांढरा चीक झाला होता एवढंच सांगतो. मग एक दोरी ताणली, आणि तिच्या रेषेत जाड्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना उतरत्या उंचीने लावून टाकलं. दोन झाडांतलं अंतर पट्टीने मोजून सारखं. लावून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून ते अगदी हळू, लाजत म्हणाले, “सावधान.”

मावशी परत आली. सरांनी तिला हाताला धरून बाल्कनीत आणलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, “बघ आता. सगळे दिसतील.”

मावशी बघत राहिली. तिची नजर ओळीच्या मध्यावर होती. डावीकडे जाड्या ट्रेच्या त्या टोकाला, उजवीकडे मी या टोकाला.

“तीन दिसतात,” ती म्हणाली. “बाकीची मेली का?”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिची नजर बारीक झाली होती, आणि त्यांनी तर आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवून ठेवलं होतं. पूर्वी जी पाच-सहा तरी एका नजरेत मावत होती, त्यांतली आता तीन उरली.

तिने मान फिरवून आम्हा सगळ्यांना बघितलं. मग हाताने चाचपलं. तारा नाहीत, मुळं तोडलेली, शेवाळ उपटलेलं. मला वाटलं, आता फुटेल. पण ती म्हणाली, “सर, ही शाळा भरलीय. घंटा कधी द्यायची?”

सर तिच्याजवळ खाली बसले. “तुला दिसावं म्हणून केलं गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, ओळीत असली की...”

“कळलं मला,” मावशी म्हणाली. पण त्या दिवशी ती लवकर आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर बसायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्टूल रिकामं बघून मला मुळं तुटल्यापेक्षा जास्त दुखलं.

नर्सरीवाला येऊन बघून गेला. “आता यांना अजिबात हात लावू नका,” तो म्हणाला. “पानं टाकतील. परत उचललंत तर जातील. नवी पालवी धरली, चांगली जून झाली, की मग काय ते करा.” आणि आम्ही खरंच पानं टाकली. जाड्याची एक मोठी फांदी वाळून गेली. माझ्या अंगावर तर मोजून चार पानं उरली होती, आणि ती चारही मी नेट लावून धरून ठेवली होती.

सरांनी त्या काळात आमची जी सेवा केली, ती बघून दगडालाही पाझर फुटला असता. ऊन आलं की ट्रे सावलीत, सावली दाट झाली की उजेडात. फवाऱ्याने पानांवर पाणी. मावशी आतून विचारायची, “आहेत का?” सर म्हणायचे, “आहेत.” तेवढंच. ज्या दिवशी मधल्या एकाला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा कोंब आला, त्या दिवशी सर आत धावत गेले आणि चक्क स्टुलाला धडकले. मावशीला हसू आवरेना. ती बाहेर आली, कोंबाच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिने तो बघितला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा पुन्हा आमच्यासमोर बसली. माझा जीव भांड्यात पडला.

पालवी जून झाल्यावर पुन्हा लावायची वेळ आली. मावशी म्हणाली, “या वेळी मी फक्त बघणार. हात तुमचे.”

“माझे?” सर घाबरले.

“माझा हात कुठे कशाला लागेल ते मला कळत नाही आता. आधी मला किती दिसतं ते मोजा.”

ती स्टुलावर बसली. सरांनी स्टुलाच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे जागा हलायला नको. मग आम्हाला बाजूला काढून रिकाम्या केलेल्या ट्रेच्या मध्यावर मावशीने मान स्थिर ठेवून नजर लावली, आणि सर तिच्याच शिलाईचा निळा खडू हातात धरून डावीकडून हळूहळू आत आणू लागले. ट्रेची कड आली, ती गप्प. आणखी आत, ती गप्प. बरंच आत आल्यावर ती म्हणाली, “आला.” सरांनी तिथे खूण केली. मग उजवीकडून. “आला.”

दोन खुणांच्या मध्ये जेमतेम एक वीत जागा होती.

सर खडू हातात धरून तसेच वाकून उभे राहिले. इतके दिवस त्यांना ‘कमी दिसतं’ हे माहीत होतं, पण कमी म्हणजे किती, ते आज त्यांच्यासमोर आखलेलं होतं. “एवढंच?” ते म्हणाले. आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.

“एवढं आहे,” मावशी म्हणाली. “रडायचं नंतर. चला, लावा.”

“एका वितीत सात झाडं कशी मावतील गं?”

“आडवी नाही मावणार. पण सर, रुंदी गेली म्हणून खोली थोडीच गेलीय? मागे मागे न्या.”

आणि मग त्या वितीत रान उभं राहिलं. जाड्या पुढे, उजव्या खुणेला चिकटून. त्याच्या पलीकडे, डाव्या खुणेजवळ दुसरा. प्रत्येक पुढचं खोड मागच्याला थोडं झाकतं आणि थोडं दाखवतं. सर एक झाड ठेवायचे, आणि सवयीने त्यांचा हात ते शेजारच्याच्या रेषेत सरकवायचा. मावशीला ते बरोबर कळायचं. “सर, विश्राम,” ती म्हणायची. “आयुष्यभर सगळ्यांना सावधान उभं केलंत, आता जरा विश्राम द्या.” सर हसून हात सैल सोडायचे, आणि झाड जिथे कलायचं तिथे कलू द्यायचे.

शेवटी मी राहिलो. सरांनी मला उचललं आणि पूर्वीसारखं कडेला न्यायला लागले.

“तिथे नको,” मावशी म्हणाली. “तिथला मला पहिला दिसेनासा झाला होता. त्याला सगळ्यात मागे न्या, पण मधोमध. अजून मागे. ट्रे संपेपर्यंत. हां. आणि त्याचं वाकडं तोंड आतल्या बाजूला, म्हणजे तो वळणावरून पुढे गेल्यासारखा वाटेल.”

लावून झाल्यावर तिने सरांना स्टुलावर बसायला सांगितलं. “आता दोन्ही हातांची नळी करा, डोळ्याला लावा, आणि बघा मला काय दिसतं ते.”

सरांनी हातांची नळी केली. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते त्या नळीतून माझ्याकडे. मग ते अगदी हळू म्हणाले, “अगं, हा तर केवढा लांब गेलाय.”

त्या क्षणी मला माझं काम कळलं. मूर्ती लहान पण कीर्ती महान असं काही मी म्हणणार नाही. पण पुढे मोठा आणि मागे बारीक असला, की नजर फसते आणि मधे वाट आहे असं मानते. ती वाट माझ्या बारीकपणामुळे आहे.

पुढची सगळी वर्षं आमच्यावर याच हिशेबाने मेहनत झाली. ज्याचं खोड जाड व्हायला हवं त्याची एखादी फांदी मोकळी सोडायची, तिला वाटेल तेवढं वाढू द्यायचं आणि मग कापायची. ज्याला बारीक ठेवायचं त्याला वरचेवर खुडायचं. जाड्याच्या फांद्या मोकाट सुटायच्या, आणि मी दोन पानं काढली की सरांची कात्री हजर. मला राग यायचा. जाड्या तर मुद्दाम माझ्यासमोर फांद्या हलवायचा. पण सकाळी मावशी येऊन बसायची, जाड्याला ओलांडायची, मधल्यांच्या मधून वाट काढायची, आणि तिची नजर माझ्यापर्यंत पोचली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्याच्यापुढे दोन पानांची काय कथा?

“पोचले,” ती म्हणायची. सर बाजूला बसून चहा प्यायचे.

थेंब चालू होते, तरी नजर आवळत गेली. वीत होती ती वाटीएवढी झाली. मग वाटीतही धुकं आलं. मावशीने मशीन विकून टाकलं आणि त्या जागी खुर्ची ठेवली. रान मात्र आता खरंच रान झालं होतं. शेवाळ पसरलं, मुळं वर येऊन एकमेकांवर चढली, जाड्याच्या वाळलेल्या फांदीच्या जागी एक छानशी ढोली पडली. नर्सरीवाला आपल्या वर्गाला घेऊन आम्हाला बघायला यायचा, आणि त्या वर्गातल्या माणसांना स्टुलावर बसवून हातांची नळी करायला लावायचा.

अलीकडे सकाळी मावशी वाटेत अडखळायला लागली. जाड्या दिसायचा, त्याच्या पलीकडचा दिसायचा, मग ती थांबायची. “तो आहे ना मागे?” ती विचारायची. “आहे,” सर म्हणायचे. ती मान हलवायची, पण ‘पोचले’ म्हणायची नाही.

तेव्हापासून सरांनी माझ्यावरची कात्री बंद केली. गुपचूप. सुरुवातीला मला वाटलं, विसरले असतील. पण ते विसरणारे नव्हेत. मला उन्हाकडे फिरवायला लागले, खत माझ्या बाजूला जरा सैल हाताने टाकायला लागले. आणि मी वाढलो. किती दिवसांनी वाढलो! एक फांदी सरळ वर गेली, पानं मोठी झाली, खोडाला गोलाई आली. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला हवं तेवढं ऊन पिऊ देत होतं. मला आवडलं, फार आवडलं. जाड्याने फांद्या हलवणंही बंद केलं.

परवा मावशी बसली होती. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “सर, मागचा जवळ आलाय.”

सरांनी हातातला कप खाली ठेवला.

“कोणी सोडलं त्याला?”

“मीच,” सर म्हणाले. “जाड झाला की तुला दिसेल, म्हणून. दिसतोय ना आता?”

“दिसतोय. छान दिसतोय,” मावशी म्हणाली. तिने हात पुढे करून चाचपत सरांचा हात धरला. “पण तो पुढे आला, आणि माझी वाट गेली. आता समोर एक झाड आहे, त्याच्या शेजारी अजून एक झाड आहे, आणि संपलं. परत भिंत.”

“पण खुडला तर तो तुला दिसणार नाही.”

“नाही दिसला तर नाही दिसला. तो तिथे लांब आहे, एवढं मला माहीत असलं की पुरे. मी चालत राहीन त्याच्याकडे. तुम्हाला दिसतो ना? मग झालं. कुठपर्यंत आले तेवढं सांगत जा.”

सरांनी कात्री आणली. मावशीने त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला. माझी ती उंच फांदी गेली. मोठी पानं गेली. चीक आला, मावशीने तो बोटाने टिपला आणि म्हणाली, “शहाणा आहेस रे.” मला रडू आलं असतं, पण झाडाला जमतं ते फक्त चीक गाळायला.

आता माझं मागणं ऐका. ही दोघं थकली आहेत. उद्या-परवा हा ट्रे लेकीकडे जाईल, किंवा कोण जाणे, तुमच्याकडेही येईल. तेव्हा तुम्हाला माझी दया येईल. तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला किती कोंडून ठेवलंय, याला जरा मोकळं सोडू या, मोठ्या कुंडीत लावू या. मला मोह होईल, आणि मी नाही म्हणणार नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. दया करू नका. मी दोन पानं काढली की खुडा. मला बारीक ठेवा, मागे ठेवा, वाकडा ठेवा.

आज सकाळीही ती येऊन बसली. सर शेजारी बसले आणि सांगू लागले, “जाड्या मागे पडला. आता दोघांच्या मधून चाललीस. पुढे डावीकडे वळण आहे.” मावशीने डोळे मिटले होते आणि ती हसत होती. ती माझ्याकडे यायला निघाली आहे. तिला चालायला आवडतं, तेव्हा तिची वाट मी तोकडी करणार नाही.